महिन्याला एक बाथरूम

गल्लीत तिला सगळे 'चौकशी' म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येत नाही, पण का पडलं ते मला ठाऊक आहे, कारण पाचवीत मी तिची वर्गशिक्षिका होते. एकदा फळ्यावर सूचना लागली, 'उद्या शाळा नेहमीपेक्षा लवकर भरेल.' सगळ्या मुलांनी ती निमूटपणे उतरवून घेतली. ही एकटी उठली, मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली आणि लवकर म्हणजे किती वाजता, असं विचारून आली. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि वेळ सांगितली. सूचनेत वेळच नाही, हे तोवर आम्हा शिक्षकांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तिचे बाबा फरशी बसवणारे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची फरशी त्यांच्या हातची आहे, माझ्या स्वयंपाकघराचीसुद्धा. मोजकं बोलणारे गृहस्थ. फरशीवर पाण्याचा थेंब टाकायचा, तो कुठे पळतो ते बघायचं आणि मग मान हलवायची, एवढंच त्यांचं भाषण. तिची आई मंगल कार्यालयांमध्ये आणि घरगुती समारंभांना जेवण करून देते. पन्नास पानं, शंभर पानं, कधी दोनशे. आई मात्र भरपूर बोलते. चौकशीने आईची जीभ घेतली आणि बाबांची नजर, असं गल्लीत म्हणतात ते खरंच आहे.

बारावी झाल्यावर ती मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर नोकरीला लागली. नावाप्रमाणे काम मिळालं म्हणून सगळ्यांनी तिची थट्टा करून घेतली. खिडकीसमोर सकाळपासून रांग असे, आणि रांगेतली बहुतेक माणसं एकच गोष्ट विचारायला उभी असत: रक्त तपासायला कुठे द्यायचं आणि त्याआधी पाणी प्यायलं तर चालतं का. खिडकीशेजारीच त्याची पाटी होती. 'सर्व संबंधितांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह उपाशीपोटी नियोजित कक्षात उपस्थित राहावे.' ही पाटी वाचूनच माणसं रांगेत उभी राहत होती. चौकशीने एका दुपारी पुठ्ठा घेतला आणि जाड पेनाने लिहिलं: 'रक्त तपासायला द्यायचं आहे? खाऊन येऊ नका. पाणी प्यायलं तर चालेल. डावीकडचं निळं दार.' तो पुठ्ठा तिने पाटीवरच चिकटवला. आठवड्याभरात रांग निम्मी झाली.

शेजारच्या खिडकीवर बसणारी बाई, जिची तिथे वीस वर्षं झाली होती, थोडी घाबरली. रांग संपली तर आपल्याला घरी बसवतील, असं तिला वाटलं. झालं उलटंच. दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या मोठ्या बाई फेरीवर आल्या, पुठ्ठ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. ओरडा बसणार असं धरूनच चौकशी पुढे झाली. पण बाईंनी तिला आत बोलावून आणखी अकरा पाट्या दाखवल्या आणि त्याही लिहून मागितल्या. जाता जाता म्हणाल्या की हे काम करण्याचा लोक पगार घेतात, त्यासाठी कॉलेजात तीन वर्षं शिकतात. जनसंवादाची पदवी असते.

त्या वाक्याने सगळं सुरू झालं.

कॉलेज शहरातच होतं. फी मात्र अशी की घरात आकडा सांगताना चौकशीने पाण्याचा पेला हातात घेतला, म्हणजे मध्ये घोट घ्यायला निमित्त राहील. कर्ज काढावं लागणार होतं. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज गप्प बसत नाही, हे बँकेतल्या बाईने तिला नीट समजावून सांगितलं होतं. नंतर पाच वर्षं दर महिन्याला हप्ता. आणि जामीन म्हणून बाबांची सही.

बाबांनी हप्त्याचा आकडा ऐकला आणि त्यांच्या पद्धतीने मोजला. त्यांच्या मजुरीच्या हिशेबात तो बरोब्बर एका बाथरूमच्या फरशीइतका निघाला. त्या दिवसापासून घरात कुणी हप्ता म्हणेना. 'महिन्याला एक बाथरूम' असंच म्हणू लागले.

आता इथे बाबांच्या गुडघ्यांविषयी सांगायला हवं, कारण खरा प्रश्न त्यांचाच होता. फरशी बसवणारा माणूस आयुष्यभर गुडघ्यांवर रांगतो. जाड पट्ट्या बांधल्या तरी गुडघे झिजतातच. डॉक्टरांनी त्या वर्षी सांगितलं होतं की खाली बसण्याचं काम कमी करा, नाहीतर थोड्या वर्षांनी जिना चढता येणार नाही. तेव्हा मुलीला पुरेसा पगार मिळाला नाही तर हप्ता कुठून जाणार, हे तिघांनाही न बोलता कळत होतं. तो बाबांच्या गुडघ्यांतून जाणार होता.

आत्याने स्पष्टच सांगितलं. "इंजिनिअर व्हायला कर्ज काढतात, नर्स व्हायला काढतात. गप्पा मारायला कर्ज काढलेलं मी पहिल्यांदाच ऐकते."

बाबा म्हणाले, "तिला बोलायला डिग्री लागत नाही, हे मला मान्य आहे. ती जन्मतःच पास आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण ती पाटी मी दवाखान्यात जाऊन वाचून आलोय. मला पहिल्या वाचनात कळली."

ते दवाखान्यात गेले होते हे तेव्हाच सगळ्यांना समजलं. गुडघे दाखवायला नव्हे, पाटी बघायला.

कॉलेजच्या माहितीपत्रकात विद्यार्थ्यांच्या पगाराची सरासरी छापली होती, आणि ती चांगलीच घसघशीत होती. दुसरी एखादी मुलगी तेवढ्यावर हुरळली असती. चौकशीने कॉलेजला फोन लावला. ही सरासरी कुणाकुणाच्या पगाराची, असं विचारलं. पलीकडचा कारकून म्हणाला की जे कळवतात त्यांची. आणि जे कळवत नाहीत त्यांचं काय? तो म्हणाला, "ताई, त्यांनी कळवलंच नाही, तर आम्हाला कसं कळणार?" माणूस अगदी खरं बोलत होता.

तेव्हा तिने ठरवलं की आपणच विचारायचं. नोकरी सांभाळून, दुपारी सुटल्यावर, ती या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्यांना शोधू लागली. दवाखान्याची पत्रकं छापणाऱ्याने पहिलं नाव दिलं. त्या पहिलीने दुसरा सांगितला, त्याने तिसरी. प्रत्येकाला ती एकच गोष्ट विचारायची: आत्ताचा पगार राहू दे, पहिल्या वर्षी हातात किती येत होतं? माणसं आधी चमकायची. पगार विचारणं म्हणजे वय विचारण्यासारखंच. पण ती दवाखान्यातल्या खिडकीवर दोन वर्षं बसलेली होती. समोरच्याला लाज न वाटता विचारावं कसं, हे तिला चांगलं माहीत होतं. ती आधी स्वतःचा पगार सांगायची.

विमा कंपनीत ग्राहकांना पत्रं लिहिणारी एक बाई भेटली. लांबलचक खोलीत कंबरेइतक्या उंच पार्टिशनांच्या मागे तिचं टेबल होतं, टेबलावर कुंडी आणि कुंडीत प्लास्टिकचं झाड. आता तिचं बरं चाललं होतं, पण पहिल्या वर्षी बसचा पास काढायलाही आईकडे हात पसरावा लागे, असं तिने सांगितलं. रेडिओवर सकाळी बोलणारा एक जण भेटला. सारं शहर त्याचा आवाज ओळखत होतं आणि तो आईवडिलांच्या घरी, लहानपणच्याच पलंगावर झोपत होता. पाय बाहेर येतात, म्हणाला. समारंभांचं चित्रीकरण करणारा एक भेटला. त्याला सहा महिने पैसा मोजायला वेळ नसे आणि उरलेले सहा महिने मोजायला पैसा नसे. एक जण घरं विकत होता. पदवीचा काही उपयोग झाला नाही, तरी पुन्हा तेच शिकेन, असं म्हणाला, आणि त्याची बायको मागून हसली, कारण तीही त्याच वर्गातली होती.

सगळ्यात कामाचं बोलला तो मात्र पदवी न घेतलेला माणूस. दुसऱ्या वर्षात वडील आजारी पडले म्हणून त्याने कॉलेज सोडलं होतं. आता चपलांच्या दुकानात होता. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत चढवतच त्याने सांगितलं की कर्ज पदवीचं नसतं, वर्षांचं असतं. पदवी मिळो न मिळो, बँकेला जी वर्षं दाखवली त्यांचे पैसे परत करावेच लागतात. "घेणार असशील तर संपव," एवढं म्हणून तो दुसरा बूट आणायला आत गेला.

बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, आज कोण भेटलं? आईचं म्हणणं, टीव्हीवरच्या मालिका बघायचं त्यांनी त्या महिन्यात सोडून दिलं होतं.

माणसं पुरेशी झाली तेव्हा चौकशीने त्यांना मनातल्या मनात कवायतीच्या रांगेत उभं केलं, कमी पगारापासून जास्त पगारापर्यंत. सरासरी घेतली नाही. एखादा खूप उंच असला तर सरासरीला उगाच चवड्यांवर उभं करतो. तिने रांगेतला अगदी मधला माणूस घेतला, आणि मग सावधगिरी म्हणून त्याच्याही खालचा. तो आकडा तिने आईला सांगितला. कसा काढला ते सांगितलं नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

इथून पुढचं तिघांनी मला तीन वेळा सांगितलं आहे, आणि सांगण्यात थोडाथोडा फरक आहे. जिथे फरक आहे तिथे मी आईचं धरलं आहे.

आईने आकडा ऐकला. तिचा धंदा असा की शंभर माणसं येणार म्हणून यजमान सांगतात, आणि ती मनात म्हणते, ऐंशी. बोलावलेल्या पाचांतला एक येत नाही, हा तिचा पंचवीस वर्षांचा अनुभव. शिवाय पगार सांगताना माणूस थोडा फुगवतोच, असं तिला वाटलं. तिने त्या आकड्यातला पाचवा हिस्सा काढून टाकला आणि उरलेला बाबांना सांगितला. काढून टाकला, हे बोलली नाही. भात किती टाकला हे कुणी जाहीर करत बसतं का, असं ती आता म्हणते.

बाबांची सवय वेगळी. फरशी कापताना दहातली एक तरी तुटते. म्हणून ते खर्च नेहमी तूट धरूनच मांडतात. त्यांनी हप्त्यात तूट धरली, बसभाड्यात धरली, जेवणात धरली. मग आईने दिलेल्या पगारातून हे सगळं वजा केलं.

उत्तर वाईट आलं. पहिली दोन वर्षं तरी तिचा पगार पुरणार नव्हता. दर महिन्याला अर्धं बाथरूम कमी पडत होतं.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी तिघं बसले होते. आई कोथिंबीर निवडत होती, ती थांबली. बाबांनी हिशेब पुन्हा एकदा मनात फिरवला आणि अगदी सहज, जणू चहात साखर थोडी जास्त चालेल असं म्हणावं तसं, म्हणाले, "मग अर्धं बाथरूम मी करीन. त्यात काय."

"नाही," चौकशी म्हणाली.

"अगं, अर्धंच. आडवी बाजू मी करतो, उभी तू कर."

ते हसले. ती हसली नाही. तिने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि सांगितलं की विषय संपला, खिडकीची नोकरी चांगली आहे, पक्की आहे, आणि पाट्या लिहायला मोठ्या बाई अशाही देतात. आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, शहाणी आहे पोरगी. कौतुकाने म्हणाली, पण ते घरात कुणाला गोड लागलं नाही.

पुढचे काही दिवस ती खिडकीवर थोडक्यात बोलू लागली. हो. नाही. निळं दार. शेजारच्या बाईला बरं नसल्याची शंका आली आणि तिने आल्याचा काढा आणून दिला. प्रवेशाची फी भरायची तारीख जवळ येत होती. घरात कुणी त्या तारखेचं नाव काढत नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबा एका दाताच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याची फरशी बसवत होते. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि मधला बोळ. काम संपलं आणि पाहतात तो भिंतीशी फरशीचे सात खोके तसेच उरलेले. बाबांना आश्चर्य वाटलं. त्यांचा हिशेब कधी एवढा चुकत नाही. डॉक्टर आले, खोके पाहून म्हणाले, "काका, आता मी अजून एक दवाखाना काढू की काय?"

विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. डॉक्टरांनी खोल्या मोजून दुकानदाराला सांगताना तुटीसाठी थोडी जास्तच सांगितली होती, कारण त्यांना कुणीतरी तसं करायला सांगितलं होतं. दुकानदाराने गिऱ्हाईक नवीन आहे म्हणून वर थोडी घातली. आणि बाबांनी जाऊन आपल्या दहाला एकच्या हिशेबाने आणखी मागवली. तिघांनीही शहाणपणाच केला होता. फक्त एकमेकांना सांगितलं नव्हतं.

परत पाठवायचे खोके बाबा खाली उतरवू लागले. तिसऱ्या खोक्याला गुडघा बोलला म्हणून जिन्यातच त्यावर बसले. बसले ते बराच वेळ बसून राहिले. डॉक्टरांना वाटलं यांना चक्कर आली, ते पाणी घेऊन आले. बाबा पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला मुलगी आहे का?" डॉक्टर म्हणाले, मुलगा आहे. "मग राहू दे," बाबा म्हणाले आणि उरलेले खोके मदतनिसावर सोपवून घरी निघाले.

अंगावर सिमेंटची धूळ तशीच. हातपाय धुतले नाहीत, चहा मागितला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी मुलीला विचारलं, "तो पगाराचा आकडा. तो जसा मिळाला तसाच सांगितलास, की काही काढून ठेवलं होतंस?"

"मधला होता त्याच्या एक खालचा घेतला," ती म्हणाली. "सावधगिरी म्हणून."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई फोडणीकडे पाहत होती.

"तू?"

"पाचवा हिस्सा," आई म्हणाली.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तूट धरलीत ते सांगितलंत?"

मग बाबा हसायला लागले. ते असं क्वचित हसतात. दाराच्या चौकटीला धरून, खांदे हलवत, आवाज न करता. आई म्हणाली, आधी गॅस बंद करू द्या, आणि मग तीही हसली. चौकशीला हसू आलं नाही. तिने टेबलाशी बसून पुन्हा आकडे मांडायला घेतले होते.

तूट एकदाच धरायची, असं ठरलं. पण कुणाची धरायची, यावर चांगलाच वाद झाला. आईला आपलीच खरी वाटत होती, तिच्या पानांचा अंदाज कधी चुकला नव्हता. बाबांना आपली. शेवटी बाबा म्हणाले की पगार मुलीचा आहे, तर तूटही तिचीच राहू दे. आईने नाखुशीने आपला पाचवा हिस्सा परत केला. मग वजाबाकी झाली. पगारातून सगळं भागत होतं. फार काही उरत नव्हतं, नवे कपडे जपून घ्यावे लागणार होते, पण बाबांच्या वाट्याला शून्य बाथरूम येत होतं.

एवढ्याने हुरळून जाईल ती आई कसली. तिने विचारलं, तीन वर्षं खिडकीवर बसली असतीस तर जो पगार मिळाला असता, तो कुठे धरलास? तो धरला नव्हता. तो धरल्यावर चित्र पुन्हा काळवंडलं. फी, व्याज आणि बुडालेला पगार मिळून एवढा खड्डा होत होता की नंतरचा जास्तीचा पगार टाकून तो भरायला आठ-नऊ वर्षं लागली असती. दुसऱ्या दिवशी चौकशी मोठ्या बाईंकडे गेली. शनिवार-रविवारची खिडकी कुणालाच नको असते, ती मला द्या, म्हणाली. बाईंनी दिली. त्या पैशांतून फीचा काही भाग भरता येणार होता, म्हणजे कर्ज कमी, हप्ता पाऊण बाथरूम आणि खड्डा भरायला सहा वर्षं. बाईंनी आणखी एक गोष्ट कबूल केली: पदवीनंतर सहा महिन्यांत काही मिळालं नाही तर खिडकीवरची पूर्णवेळ जागा तिच्यासाठी आहे. त्या पगारात हप्ता ओढाताणीने का होईना, पण बसत होता.

"सहा वर्षं खड्डा भरण्यात," आई म्हणाली.

"आणि त्यानंतर तीस वर्षं?" बाबांनी विचारलं. शेजारच्या खिडकीवरच्या बाईचा वीस वर्षांत वाढलेला पगार किती, ते चौकशीने तिलाच विचारून आणलं होतं. वाढ नावापुरतीच होती. आईने ती ऐकली आणि मान डोलावली.

बँकेत सही करायच्या आधी चौकशीने बाबांना एक अट घातली. हप्त्यासाठी त्यांनी एकही फरशी बसवायची नाही. स्वतःच्या पोटासाठी जे काम करतील ते करतील, हप्त्यासाठी नाही. बाबा हो म्हणाले. बँकेतली बाई म्हणाली की जामिनाला अट घालणारी कर्जदार मी पहिल्यांदा बघते, आणि हसून शिक्का मारला.

कॉलेजची तीन वर्षं सांगण्यासारखी फार नाहीत. ती शिकली, शनिवार-रविवारी खिडकीवर बसली, सगळ्या विषयांत पास झाली. एका विषयात काठावर, आणि तो विषय होता भाषण. त्यावरून गल्लीला वर्षभर पुरेल इतकं हसायला मिळालं.

पदवीनंतर मात्र अवघड दिवस आले. एक महिना गेला, दोन गेले, चौथाही गेला. मुलाखती व्हायच्या, 'कळवतो' म्हणायचे, कळवायचे नाहीत. सहाव्या महिन्यानंतर हप्ते सुरू होणार होते. पाचव्या महिन्यातली एक दुपार. चौकशी एका मुलाखतीहून लवकर परत आली तर बाबा ओट्याला टेकून गुडघ्यांना पट्ट्या बांधत होते. बाहेर मदतनीस हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता.

"कुठे निघालात?"

"पलीकडच्या गल्लीत. छोटं काम आहे."

"कसलं?"

बाबा पट्टीच्या बकलाशी खेळत राहिले. "एकच बाथरूम आहे गं."

तिने आपली पिशवी खाली ठेवली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि पट्ट्यांची बकलं एकेक करून सोडवली. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

"बाबा, मला नोकरी नाही मिळाली तर मी खिडकीवर बसेन. ते मोजून ठेवलंय. तुमचे गुडघे मी कुठेच मोजलेले नाहीत. ते हिशेबात नाहीतच."

"मी बाप आहे की नाही?"

"आहात. म्हणूनच ते हिशेबात नाहीत."

मदतनिसाला कळेना आत यावं की जावं. आईने त्याला चहा दिला आणि काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितलं.

नोकरी त्यानंतर तीन आठवड्यांनी मिळाली. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात. पाणी कुठे, कधी आणि किती वेळ बंद राहणार, हे लोकांना कळेल असं लिहायचं काम. मुलाखतीत त्यांनी तिला आपली एक जुनी सूचना वाचायला दिली आणि काय वाटतं विचारलं. तिने विचारलं, "'लवकरच' म्हणजे कोणत्या दिवशी?" समोरच्या तिघांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तिसऱ्याने कबूल केलं की ते त्यालाही माहीत नव्हतं.

पहिला पगार तिने धरलेल्या आकड्याहून थोडासा जास्त निघाला. रांगेतल्या मधल्या माणसापर्यंत मात्र तो पोचला नव्हता. आई म्हणाली, बघा, माझा पाचवा हिस्सा अगदीच चुकला. हे ती पुष्कळ दिवस सांगत होती, आणि चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कर्ज अजून आहे. तीन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. ती जुनीच सायकल वापरते, मैत्रिणींबरोबर लांबच्या सहलीला गेली नाही, आणि त्याचं तिला वाईट वाटतं, हेही ती लपवत नाही. आत्याने परवा विचारलं की एवढं सगळं करून फायदा किती झाला. चौकशी म्हणाली, "अजून खड्ड्यातच आहे, आत्या. पण वर चढतेय, आणि खाली मी एकटीच आहे." आत्याला ते नीट कळलं की नाही कोण जाणे, पण तिने आपल्या नातीसाठी कॉलेजचा फोन नंबर मागून घेतला.

बाबांनी मात्र त्या दुपारनंतर स्वतःहून एक बदल केला. ते आता फक्त भिंतींना टाइल लावतात. स्वयंपाकघरात ओट्यामागची भिंत, बाथरूमच्या भिंती, कंबरेपासून डोक्यापर्यंत. खालच्या रांगा मदतनीस लावतो. भिंतीचं काम नाजूक असतं आणि त्याची मजुरीही जास्त मिळते, हे त्यांना इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं, कारण फरशीची कामं कधी संपतच नव्हती. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा एका ठेकेदाराचा फोन आला. मोठं काम होतं, सबंध इमारतीच्या फरशीचं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उभं राहून होण्यासारखं काही असेल तर सांगा," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही हो, दुखत नाहीत. म्हणूनच."

त्यांनी फोन ठेवला, उठले आणि चहाचे कप आणायला स्वतः आत गेले.